रॉनी बार्करसारखं टोपणनाव घेऊन लिहावं का?

तुमचा प्रश्न असा: हौशी नाट्यसंस्थेत तुम्ही विनोदी भूमिका करता आणि आता स्वतः प्रहसनं लिहायला लागला आहात. वाचन ठेवलं की मंडळी एक तर तोंडदेखलं हसतात, नाहीतर ‘सगळे हशे स्वतःकडेच ठेवलेस’ असा टोमणा मारतात. रॉनी बार्कर या ब्रिटिश नटानं खोट्या नावानं स्वतःच्याच कार्यक्रमाला लेखन पाठवलं होतं, हे तुमच्या वाचनात आलं. आपणही तसं करावं का, आणि नट-लेखक म्हणून त्याच्या वाटेनं जाता येईल का, हे तुम्हाला हवंय.

माझ्या मते नाव लपवायचं की नाही हा यातला लहान प्रश्न आहे. मोठे प्रश्न दोन. तुमच्या संहितेला तुमच्याकडे न बघता निकाल मिळतोय का? आणि तुमचा हात किती लांबीच्या लेखनाला बसलाय? बार्करच्या कारकिर्दीत दोन्हींची उत्तरं आहेत, पण दुसऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही. टोपणनावाची गोष्ट फारच चविष्ट आहे, सगळे तिथेच थांबतात.

बरंचसं तुमच्या संस्थेवरही अवलंबून आहे. संहिता निवडणं एकट्या दिग्दर्शकाच्या हातात असेल तर फक्त त्याच्यापासून नाव लपवलं तरी पुरतं. आठ-दहा जणांचाच कंपू असेल तर दुसऱ्या वाचनात तुमची भाषा ओळखली जाईल. तुम्ही नवखे असाल तर लपवून फार काही हाती लागत नाही, कारण नावाला अजून वजनच नाही. तुम्ही संस्थेचे लाडके नट असाल तर मात्र लपवाच. बार्कर या दुसऱ्या गटातला होता. दुर्लक्षापेक्षा फुकटच्या कौतुकाची त्याला जास्त धास्ती होती.

तो लिहायला बसला तेव्हा किती तयार होता, तेही बघा. जन्म १९२९ चा, बेडफर्डचा, वाढला ऑक्सफर्डमध्ये. वास्तुशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडलं, काही दिवस बँकेत कारकुनी केली आणि १९४८ मध्ये एल्सबरीच्या रेपर्टरी कंपनीत शिरला. रेपर्टरी म्हणजे रात्री या आठवड्याचं नाटक करायचं आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. अशा गिरणीत नटाला फार्सपासून खूननाट्यापर्यंत सगळं तोंडपाठ करावं लागतं आणि हशा कुठल्या शब्दावर फुटतो, कुठल्या शब्दानं मरतो, हे कानाला कळायला लागतं. १९५५ मध्ये तो लंडनच्या रंगभूमीवर आला. १९५९ पासून ‘द नेव्ही लार्क’ या रेडिओ मालिकेत एकाच भागात दोन-तीन वेगवेगळे आवाज काढू लागला. १९६६ मध्ये ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’मध्ये जॉन क्लीज आणि रॉनी कॉर्बेट यांच्याबरोबर उंचीच्या उतरत्या क्रमानं उभं राहून केलेलं वर्गव्यवस्थेवरचं स्केच, म्हणजे छोटं प्रहसन, गाजलं. त्यात बार्कर मधला. ते लिहिलं होतं मार्टी फेल्डमन आणि जॉन लॉ यांनी. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं तो इतरांचे शब्द बोलत होता.

आता ती गोष्ट. १९६८ मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्टचा ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ सुरू झाला. बार्करचा एजंट पीटर ईड याच्यामार्फत कार्यक्रमाकडे ‘जेराल्ड वायली’ नावाच्या कुणा अनोळखी लेखकाची स्केचेस येऊ लागली. ती चांगली होती, घेतली जाऊ लागली आणि हा वायली कोण यावर पैजा सुरू झाल्या. टॉम स्टॉपर्ड, ॲलन बेनेट, फ्रँक म्यूर, थेट नोएल कॉवर्डपर्यंत नामवंत लेखकांची नावं घेतली गेली. बार्कर मात्र तालमीत वायलीच्या काही स्केचेसना नाकं मुरडायचा, म्हणजे संशय नको. डॉक्टरांच्या वेटिंग रूमवरचं एक स्केच कॉर्बेटला स्वतःसाठी हवं होतं. वायलीनं एजंटमार्फत तीन हजार पौंड मागितले, कॉर्बेट हबकला, आणि मग वायलीनं ते फुकट देऊन टाकलं. शेवटी वायलीनं सगळ्यांना स्टुडिओसमोरच्या चिनी रेस्तराँमध्ये जेवायला बोलावलं. तिथे बार्कर उभा राहिला आणि वायली मीच, असं त्यानं सांगितलं.

हे का जमलं, याचं कारण खोट्या नावात शोधू नका, आजूबाजूच्या रचनेत शोधा. निवड करणारी माणसं वेगळी होती. संहिता पोचवणारा माणूस वेगळा होता आणि तोंड बंद ठेवणं हा त्याचा धंदाच होता. बार्करला स्वतःच्या संहितेची वकिली करायची सोयच नव्हती. आणि वायली फक्त बार्करसाठी लिहीत नव्हता. वेटिंग रूमचं ते स्केच बघा: अनोळखी माणसं एकमेकांकडे न बघता गप्प बसलेली आहेत, आणि एक बुटका गृहस्थ त्यांना बोलतं करायच्या खटपटीला लागतो. तो गृहस्थ कॉर्बेट, म्हणजे सगळं ओझं आणि सगळी मजा दुसऱ्याच्या वाट्याला. ‘हशे स्वतःकडे ठेवलेस’ या टोमण्यावर हाच एक इलाज मला माहीत आहे.

१९७६ च्या सप्टेंबरात बार्कर-कॉर्बेट जोडीच्या ‘द टू रॉनीज’ या कार्यक्रमात दाखवलेलं ‘फोर कँडल्स’ तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर बघा, साधारण चार-पाच मिनिटांचं आहे. तेही वायलीचंच, आणि बीज आलं होतं एका प्रेक्षकाच्या पत्रातून: हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असे घोळ होतात, असं त्यात लिहिलं होतं. तपकिरी कोट घातलेला दुकानदार कॉर्बेट, टोपीतलं मख्ख गिऱ्हाईक बार्कर. गिऱ्हाईक कामगारी ढंगानं ‘ह’ गिळून बोलतं, म्हणून त्यानं मागितलेले ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे माती उकरायच्या काट्याचे दांडे, दुकानदाराला ‘फोर कँडल्स’ ऐकू येतात आणि तो चार मेणबत्त्या काढून ठेवतो. लोकांना एवढंच आठवतं. पण शब्दाचा खेळ हे त्यातलं सर्वांत स्वस्त सामान आहे. ते कुणालाही सुचेल.

बांधणी बघा. प्रत्येक गैरसमजाची किंमत दुकानदाराच्या अंगावर पडते: आत जा, शोध, आण, ठेव, परत घे. ‘ओज’ मागितल्यावर तो आधी कुदळ (‘हो’) आणतो, मग पाण्याचा पाइप (‘होज’), मग बायकांचे लांब मोजे (‘पँटीहोज’), आणि शेवटी कळतं की माणसाला फाटकावर घराचं नाव लावायला ‘ओ’ हे अक्षर हवंय. दुकानदार अक्षरांचा खोका काढतो, अक्षरं देतो, खोका जागेवर ठेवतो. लगेच पुढची मागणी येते: ‘पीज’, जे ‘पी’ ही अक्षरंही असू शकतात आणि वाटाणेही. आता त्याला नियम कळलाय असं त्याला वाटतं. चिडून तो पुन्हा तोच खोका काढतो, आणि या खेपेला गिऱ्हाइकाला हवे असतात वाटाण्याचे डबे! शब्द तोच खेळ खेळतोय, पण नियम उलटला. प्रेक्षक दुकानदाराच्या बरोबरीनं शहाणा झाला होता, तोही त्याच्याबरोबर फसला. मध्येच करवतीच्या पात्यावर लावायची एक वस्तू येते. ती दुकानात नाहीच, विषय दोन वाक्यांत संपतो. ही मधली झटकन जाणारी जागा फार महत्त्वाची. सगळ्या वस्तूंना सारखीच लांबी दिली असती तर चौथ्या वस्तूला लोक पुढचं ओळखायला लागले असते.

आणखी एक. चिडण्याची, म्हणजे चढत जाण्याची भूमिका बार्करनं कॉर्बेटला दिली आणि स्वतःसाठी ठेवला अजिबात न बदलणारा शांत माणूस. नट-लेखक हमखास उलट करतो. मख्ख भूमिका कागदावर दिसत नाही, म्हणून ती लहान वाटते. खरं तर ती जितकी स्थिर, तितका समोरच्याचा पारा मोजता येतो.

शेवटाबद्दल: दुकानदार वैतागून यादीच हातात घेतो, वाचतो, ‘हे आता माझ्यानं होणार नाही’ म्हणत दुसऱ्याला बोलावतो आणि तो येऊन एका अवजाराचं नाव असं घेतो की त्यातून चावट अर्थ निघतो. हा शेवट बार्करला स्वतःलाच फारसा पटला नव्हता. मलाही तो लंगडा वाटतो. चढण उत्तम आणि उतार जेमतेम, तरी स्केच चाळीस-पन्नास वर्षं टिकलं. तेव्हा शेवट सुचत नाही म्हणून संहिता फाडू नका. आधी मधला भाग उभा करा.

आता दुसरा प्रश्न, लांबीचा. ‘द टू रॉनीज’ १९७१ ते १९८७ चाललं. सुरुवातीला आणि शेवटी टेबलामागे बसून खोट्या बातम्या, मध्ये स्केचेस, बार्करचं एखाद्या प्रवक्त्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या सोंगातलं भाषण, खुर्चीत बसून कॉर्बेटनं आडवळणं घेत सांगितलेला किस्सा, एक धारावाहिक, पाहुण्या गायिकेचं गाणं, अखेरीला संगीतमय तुकडा. बार्करला प्रेक्षकांसमोर ‘मी रॉनी बार्कर’ म्हणून बोलायचं जमत नसे, त्याला सोंग लागायचं; म्हणून गप्पांची खुर्ची कॉर्बेटकडे. ते किस्से आधी स्पाइक मलिन्स लिहायचा, नंतर डेव्हिड रेनविक. प्रश्नमंजूषेतला स्पर्धक आधीच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नाला देतो, ते गाजलेलं स्केचही रेनविकचं. क्लीज, मायकेल पेलिन, टेरी जोन्स, बॅरी क्रायर अशी कितीतरी मंडळी लिहायची. स्वतःच्या नावाच्या कार्यक्रमात बार्कर अनेकांपैकी एक लेखक होता, आणि तिथे तो अव्वल होता: तीन ते पाच मिनिटं, एक जागा, एक नियम.

अर्ध्या तासाच्या मालिकेत चित्र पालटतं. त्याची सर्वांत मोठी भूमिका म्हणजे ‘पॉरिज’मधला कैदी फ्लेचर. ती लिहिली डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांनी. ‘ओपन ऑल अवर्स’चा कंजूष दुकानदार आर्कराइट लिहिला रॉय क्लार्कनं. या दोन्हींचे नमुना-भाग १९७३ च्या ‘सेव्हन ऑफ वन’ या एकाच मालिकेत झाले. बीबीसीनं बार्करला सात वेगवेगळ्या गोष्टी करायला दिल्या, त्यातून या दोन टिकल्या. उलट त्यानं स्वतः टोपणनावांनी लिहिलेल्या मालिका, १९७२ ची ‘हिज लॉर्डशिप एंटरटेन्स’ आणि १९८८ ची ‘क्लॅरेन्स’, आज कोणी आवर्जून काढत नाही. ‘क्लॅरेन्स’साठी त्यानं बॉब फेरिस हे नाव घेतलं होतं. म्हणजे नाव बदलून लांबीची अडचण सुटली नाही.

कारण मला असं दिसतं. स्केचला एक नियम पुरतो. मालिकेला माणूस लागतो, ज्याला काहीतरी हवंय आणि जो अडकलाय. ‘पॉरिज’च्या लेखकांनी तुरुंग बघितले, ते हताश झाले, आणि एका माजी कैद्याशी बोलताना त्यांना धागा सापडला: आत माणूस रोजच्या छोट्या विजयांवर जगतो. बाहेर पळायची योजना नाही, मॅके नावाच्या पहारेकऱ्यावर आज एक कुरघोडी, बस. पाच वर्षांची शिक्षा आणि एक कोठडी. एवढ्यावर पूर्ण भाग उभा राहतो. पहिल्याच हंगामातला ‘अ नाइट इन’ हा भाग बघा: फ्लेचर आणि तरुण गॉडबर, दोघं कोठडीत रात्रभर बोलतात, एवढंच. अशी गोष्ट नियम उलटवून लिहिता येत नाही.

यात बार्करनं नट म्हणून भर घातली ती मात्र लेखकाच्या नजरेची होती. आर्कराइटचं तोतरेपण संहितेत नव्हतं. ते त्यानं आणलं, ग्लेन मेल्विन या जुन्या सहकाऱ्याकडून शिकलेलं. ‘पॉरिज’च्या सुरुवातीला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचा आवाजही त्याचाच. तुम्हाला लांब लिखाण जमत नसेल तर लाज वाटून घेऊ नका; दुसऱ्याच्या लांब संहितेत असली भर घालणारा नट लेखकाला फार हवा असतो.

आता तुम्ही करायचं काय. टोपणनावानं पाठवायचं ठरवलंत तर मध्यस्थ संस्थेबाहेरचा निवडा, ज्याला भूमिका नको आहे असा. फाइलच्या गुणधर्मात लेखक म्हणून तुमचं नाव बसलेलं असतं, ते काढा. फाइलचं नावही बदला. तुमच्या फोनवरून पुढे पाठवू नका. तुमचे खास शब्द, तीन टिंबांची सवय, ठरावीक शुद्धलेखनाच्या चुका शोधा आणि साफ करा; लोक बहुतेकदा यावरूनच ओळखतात. पात्रांना वय, अंगकाठी, बोलायची लकब देऊ नका. ‘दुकानदार’ आणि ‘गिऱ्हाईक’ एवढं पुरे, नाहीतर कोणती भूमिका कुणासाठी आहे ते पहिल्या पानावर कळतं.

वाचन तुम्ही करू नका. थंड वाचन, म्हणजे आधी तयारी न करता केलेलं वाचन, दुसऱ्या दोघांना करू द्या आणि तुम्ही पेन्सिल घेऊन बसा. हसू आलं तिथे एक खूण, वाचणाऱ्याला थांबावं लागलं तिथे दोन, आणि तुम्ही हशा धरला होता पण शांतता मिळाली तिथे शून्य. आठवड्यानं वेगळ्या माणसांकडून पुन्हा वाचून घ्या. दोन्ही वेळा शून्य आलेली जागा कापा; एकदाच आलेली ठेवा, तो बहुधा वाचणाऱ्याचा दोष असतो. मध्ये समजावून सांगायचा मोह होईल. सांगितलंत की वाचन वाया गेलं.

मराठीत बोलायचा वेग धरला तर विनोदी प्रवेशात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, थांबे धरून. चार मिनिटांच्या स्केचला साडेचारशे शब्दांच्या आसपास थांबा. आठशे झाले असतील तर सुरुवातीचा एक तृतीयांश भाग वाचून बघा; तिथे बहुतेक पात्रं नुसती नमस्कार-चमत्कार करत असतात. मग हशांची वाटणी मोजा. तुम्ही करणार असलेल्या पात्राकडे निम्म्याहून जास्त असतील तर भूमिका अदलाबदल करून वाचा. दुसरा नट त्याच ओळींवर हसवतोय का? हसवत असेल तर संहिता उभी आहे. फक्त तुमच्याच तोंडी चालत असेल तर तो तुमचा अभिनय आहे, लेखन नाही, आणि पुढच्या खर्ड्यात तेच दुरुस्त करायचंय.

नाव कधी उघड करायचं? दोन-तीन संहिता निवडल्या जाऊन एक तरी प्रयोग झाल्यावर, आणि स्वतःहून. बाहेरून फुटलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. बार्करनं जेवण घालून सांगितलं, ते हिशोबीच होतं. उघड झाल्यावरही वायली हे नाव त्यानं वापरायचं सोडलं नाही. तुम्हीही दोन नावं ठेवू शकता. फक्त मानधनाच्या करारात खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही लिहा, कारण पैसे पॅनवरच्या नावानं येतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाच्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झालं तर मृत्यूनंतर ६० वर्षं. तेव्हा मूळ खर्डे तारखेसह जपून ठेवा. आणि तुम्ही नक्की किती लांबीचं लिहिताय, आणि संस्थेत निवड कोण करतं, हे कळवलंत तर यापुढचं जास्त नेमकं सांगता येईल.